पूर ओसरतो, आजार आणि कर्ज उरते

जुलै उजाडला की कोल्हापुरात सकाळची पहिली चौकशी राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीची असते. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे तिथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली. सांगलीत २०१९ साली कृष्णेने आयर्विन पुलापाशी ५७ फूट ओलांडले. एवढे सगळे सोसलेल्या या भागातही ‘घराचा पुराचा विमा आहे का?’ असे विचारले, तर बहुतेक घरांत उत्तर नकारार्थीच मिळते. हा प्रश्न केवळ पैशांचा वाटतो. प्रत्यक्षात तो आरोग्याचाही आहे.

पुराचे आजार म्हटले की लेप्टोस्पायरोसिस, अतिसार, कावीळ आणि सर्पदंश आठवतात. त्यांच्यासाठी आरोग्य यंत्रणा सज्ज असते. पाण्याचे क्लोरिनेशन होते, पुराच्या पाण्यातून चालावे लागलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन दिले जाते. ही पहिली लाट काही आठवड्यांत ओसरते. दुसरी लाट उशिरा येते आणि तिची नोंद पुराच्या खात्यावर होत नाही. गिलावा, वायरिंग, कपाटे, गाद्या यांसाठी उसनवारी केलेल्या घरात पहिली काटकसर बहुधा औषधांत होते. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतली जाते, इन्सुलिन पुरवून पुरवून वापरले जाते. ओल न गेलेल्या भिंतींवर बुरशी धरते आणि दम्याचा रुग्ण रात्रभर खोकतो. पावसाची मोठी सर आली तरी छाती धडधडणे, झोप उडणे, कशातच मन न लागणे हे महिनोन्महिने चालते. घर पुन्हा उभे राहायला जितका उशीर, तितका हा ताण लांबतो. यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीतले औषध अपुरे पडते.

तरीही विमा का घेतला जात नाही? एक कारण ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांत दडलेले आहे. नदीकाठची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. याचा अर्थ एकदा पूर आला की पुढची ९९ वर्षे निर्धास्त, असा नाही. लाल रेषेवरच्या घरात पाणी शिरण्याची शक्यता दरवर्षी एक टक्का असते. २० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती सुमारे १८ टक्के होते. निळ्या रेषेवरच्या घरासाठी तेच गणित सुमारे ५६ टक्क्यांवर जाते. बदलत्या पर्जन्यमानात जुन्या नोंदींवर आखलेल्या रेषाही कमी पडू शकतात. रक्तदाब वाढलेल्या माणसाला ‘काही होणार नाही’ असे सांगणे जसे चुकीचे, तसेच या घरांना सांगणेही.

दुसरे कारण सरकारी मदतीचा भरवसा. ही मदत हवीच, पण तिचा आवाका ओळखायला हवा. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या निकषांत सपाट भागातील पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये आहेत. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला अवघे ६,५०० रुपये. तेवढ्यात एका खोलीचे वायरिंगही नीट होत नाही.

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. तिच्यात पूर, वादळ, दरड, भूकंप आणि आग यांपासून संरक्षण आहे. विमा जागेच्या बाजारभावावर नसून बांधकामाच्या खर्चावर निघतो. १,००० चौरस फुटांच्या घराचा बांधकाम खर्च चौरस फुटाला २,००० रुपये धरला, तर विम्याची रक्कम २० लाख होते. घरातील सामानासाठी त्याच्या २० टक्के, म्हणजे ४ लाख रुपयांचे संरक्षण यादी न देताही मिळते. त्याची कमाल मर्यादा १० लाख आहे. भाडेकरूलाही फक्त सामानाचा विमा काढता येतो. कर्ज घेताना बँकेने दिलेला विमा अनेकदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नव्हे. तो कागद एकदा काढून वाचावा. प्रस्तावात घराच्या भिंती आणि छप्पर कशाचे आहे, हे खरे लिहावे.

पाणी ओसरल्यावर एक पेच पडतो. सर्व्हेअर येईपर्यंत गाळ काढायचा नाही, या समजुतीने लोक चिखलात दिवस काढतात. असे करू नये. आधी कंपनीला कळवावे, पाण्याची खूण आणि प्रत्येक वस्तू यांचे फोटो व व्हिडिओ घ्यावेत, खराब सामान वेगळे ठेवावे, मग गमबूट आणि हातमोजे घालून साफसफाई सुरू करावी. पुराचे पाणी लागलेले धान्य आणि औषधे फोटो काढून टाकून द्यावीत. पॉलिसी, औषधांच्या चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे अहवाल यांचे फोटो आधीच मोबाइलमध्ये असावेत.

मात्र सगळा भार घरमालकावर टाकून चालणार नाही. आपले घर कोणत्या रेषेत आहे, हे घरपट्टीच्या बिलावर छापणे महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना अवघड नाही. हप्ता न परवडणाऱ्या गावठाणातील आणि चाळीतील कुटुंबांसाठी सरकारने सामूहिक विम्याचा विचार करायला हवा. आणि विमा मिळतो म्हणून निळ्या रेषेच्या आत नव्या इमारती उभ्या राहता कामा नयेत. लस आहे म्हणून कोणी गढूळ पाणी पीत नाही.

पाणी घरात शिरल्यावर काढलेला विमा त्या पुराला लागू होत नाही. मे महिन्यात कौले चाळताना, गटारे साफ करताना, बेगमी भरताना पॉलिसीची मुदतही तपासावी. घरातल्या आजारी माणसाची गोळी पुराच्या वर्षीही न चुकता सुरू राहावी, यासाठीच हा हप्ता आहे.