उंबराचे झाड आणि उधळा हात



गेल्या रविवारी आमच्या अभ्यासिकेत दहावीच्या एका मुलाने विचारले, “काका, ‘प्रॉडिगल सन’ म्हणजे घरी परत आलेला मुलगा ना?”

पुष्कळांचा असाच समज असतो. बायबलात लूकच्या शुभवर्तमानात ही गोष्ट आहे. धाकटा मुलगा बापाकडून वाटणी घेतो, परदेशी सारे उडवतो आणि उपासमार झाल्यावर घरी परततो. परतणे लक्षात राहते, म्हणून शब्दाचा अर्थही तोच धरला जातो. पण ‘प्रॉडिगल’ हे विशेषण त्याच्या परतण्याला नव्हे, उधळण्याला लावले आहे. प्रॉडिगल म्हणजे उधळा. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘पुढे हाकलून देणे’. आपल्या मराठीतही बैल उधळतो आणि पैसाही उधळतो. दावे सुटले की दोन्ही हाती लागत नाहीत. ‘प्रॉडिजी’ म्हणजे असामान्य बुद्धीचे मूल, त्याच्याशी मात्र गोंधळ करू नये.

मुलगा हुशार. म्हणाला, “मग जास्त खर्च करणारा प्रत्येकजण प्रॉडिगल का?”

याचे उत्तर तथागतांनी दिले आहे. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाचा कोलिय गृहस्थ त्यांना विचारतो, आम्ही संसारी माणसे, आमचे सुख कशात? तथागत त्याला मिळकत आणि खर्च तराजूने तोलायला सांगतात. थोडी मिळकत असून थाटात राहणारा हा उंबर खाणाऱ्यासारखा, असे लोक म्हणतील. म्हणजे काय? चार फळांसाठी सारे झाड हलवायचे आणि बाकीची मातीत घालवायची. मोठी मिळकत असून कुढत जगणाराही तिथे चुकलेलाच ठरतो. म्हणजे प्रश्न आकड्याचा नाही, तोलाचा आहे.

उरणकरांना हे वेगळे सांगायला नको. नवी मुंबईसाठी इथल्या जमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी 1984 च्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. 1989 साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. मोबदला हाती आला की संपतो, शेत दरसाल पिकायचे. आपल्या बहुतेक घरांत तर मोबदलाही नाही. कंत्राटी पगार येतो, तोही कधी बंद होईल सांगता येत नाही.

आता माझेच सांगतो. धाकट्या भावाचे लग्न त्रिशरण-पंचशीलाने तासाभरात लागले. पैसा गेला तो हळदीच्या रात्री. मंडप, बेंजो, मटण आणि नको ते पेय. मी बी.कॉम. झालेला, कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब लिहिणारा; पण घरचा हिशेब लिहिला नाही, पतपेढीचे कर्ज काढले. त्याच वर्षी बहिणीला नर्सिंगला जायचे होते. फीचे पैसे उरले नाहीत. ती मला कधी एका शब्दाने बोलली नाही. हप्ता मात्र सहा वर्षे दर महिन्याला बोलत होता. झाड मी हलवले आणि मातीत पडलेल्या फळांत तिचे शिक्षण होते.

म्हणून विनंती एवढीच. येत्या लगीनसराईत हळदीचा मंडप सांगण्याआधी वही उघडा. एका बाजूला त्या रात्रीचा खर्च लिहा, दुसऱ्या बाजूला घरातल्या मुलामुलींची वर्षाची फी. फीसाठी काढलेल्या पैशाला कोणी प्रॉडिगल म्हणत नाही. आणि ती वही घरातल्या लेकीला दाखवल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नका.

जयभीम.