'सिनाइल' म्हटलं की सुटलो!

"आमचे अण्णा आता जरा सिनाइल झालेत हो." शिकल्यासवरल्या घरांतून हे वाक्य इतकं सहज ऐकू येतं की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतच नाही. 'म्हातारचळ लागलाय' म्हटलं तर तो उद्धटपणा, आणि 'सिनाइल' म्हटलं की जणू डॉक्टरांनीच केलेलं निदान!

मुळात हा शब्द बिचारा वाईट नव्हता. लॅटिनमध्ये 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा माणूस. त्यावरून रोमची सिनेट आली, म्हणजे वडीलधाऱ्यांची सभा. 'सीनिअर' त्यातलाच, आणि फ्रेंचमधून फिरून आलेला आपला लाडका 'सर'सुद्धा. इतकंच काय, 'जुना' या अर्थाचा संस्कृतातला 'सन', ज्याचं 'सनातन'शी नातं आहे, तोही याच कुळातला. सतराव्या शतकात 'सिनाइल' इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ 'म्हातारपणाचा' एवढाच होता. डोळ्यांचे डॉक्टर 'सिनाइल कॅटरॅक्ट' लिहितात तिथे आजही तेवढाच आहे. बुद्धी गेल्याचा अर्थ एकोणिसाव्या शतकात चिकटला आणि बाकीचं सगळं झाकून बसला.

शब्दांचे अर्थ बदलतात, त्याबद्दल कोण रडतंय? माझी तक्रार वेगळी आहे. हा शब्द आजार लपवतो.

आलॉइस आल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या बाईंची केस मांडली, त्या पन्नाशीतल्या होत्या. त्यामुळे पुढची कित्येक दशकं 'आल्झायमर' हा साठीच्या आतल्यांना होणारा दुर्मिळ आजार समजला गेला. आणि सत्तरीच्या माणसाला तेच झालं तर? 'सिनाइल डिमेन्शिया'. म्हणजे वय झालं, चालायचंच! १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठणकावून लिहिलं की बाबांनो, हे दोन्ही एकच आहे, आणि म्हाताऱ्यांना झाला तरी तो आजारच आहे.

आपण घरात अजून १९७६ च्या आधीच आहोत. विसरायला लागलेल्या माणसाचं बी-१२ कमी असू शकतं, थायरॉइड मंदावलेलं असू शकतं, नैराश्य असू शकतं, चार डॉक्टरांच्या गोळ्या एकमेकींशी भांडत असू शकतात. लघवीच्या जंतुसंसर्गानेही म्हातारं माणूस दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागतं. यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. आणि खरंच डिमेन्शिया निघाला, तरी पुढे काय वाढून ठेवलंय आणि काय तयारी करायची ते घरच्यांना कळतं. 'सिनाइल' म्हटलं की तपासणीच होत नाही. प्रश्न मिटला!

त्याहून वाईट म्हणजे या शब्दाने माणसाचं मतही रद्द करता येतं. अण्णांनी फ्लॅट विकायला नकार दिला, सिनाइल. जावयाला तोंडावर सुनावलं, सिनाइल. तिशीतला मुलगा आठवड्यात तीनदा किल्ली विसरतो, तेव्हा मात्र 'कामाचा ताण'. अण्णांना ताण, राग, दुःख असण्याचा हक्क साठीनंतर संपतो की काय?

तेव्हा अण्णांना खुशाल म्हातारे म्हणा, ते आहेतच. हट्टी म्हणा, विसरभोळे म्हणा. हल्लीच जास्त विसरायला लागले असतील तर डॉक्टरांची वेळ घ्या, आणि त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्या. बाकी हा शब्द मोतीबिंदूसाठी राखून ठेवू.

असो.