नामवंतांचे कवच

नगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील कोपर्डी या लहानशा गावात १३ जुलै २०१६ रोजी नववीत शिकणाऱ्या एका मुलीवर अत्याचार करून तिची निर्घृण हत्या करण्यात आली. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत प्रचंड मूक मोर्चे निघाले, सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी कोपर्डीची वाट धरली आणि २९ नोव्हेंबर २०१७ रोजी नगरच्या सत्र न्यायालयाने तिघा आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली. त्या सव्वा वर्षात मुलीच्या वागणुकीविषयी जाहीरपणे शंका घेण्याचे धाडस क्वचितच कोणी केले असेल. मनात आणले तर समाज पीडितेच्या बाजूने ठाम उभा राहू शकतो, याचा हा पुरावाच मानला गेला.

परंतु तो थोडा जवळून पाहिला तर समाधान टिकत नाही. कोपर्डीच्या आरोपींना समाजात मान नव्हता, त्यांच्यामागे संस्था नव्हती, चाहते तर नव्हतेच. ते दलित होते, आणि मोर्च्यांच्या मागण्यांत फाशीच्या जोडीला मराठा आरक्षण व ॲट्रॉसिटी कायद्यातील बदल याही होत्या, हे विसरून चालणार नाही. दुसरी गोष्ट याहून क्लेशकारक आहे. ती मुलगी वाचली नव्हती. मृताची उलटतपासणी होत नाही. इतका उशीर का केलास, पुन्हा त्याच माणसाशी हसून का बोललीस, पैसे हवे आहेत काय, हे प्रश्न तिला कोणी विचारू शकत नव्हते. तिच्यावर विश्वास ठेवताना कोणालाही स्वतःजवळचे काही गमवावे लागले नाही.

जी वाचते आणि जिचा आरोप नामवंतावर असतो, तिचा अनुभव अगदी वेगळा. जून २००९ मध्ये मुंबईत हिंदी चित्रपटांतील नट शायनी आहुजा याला घरकाम करणाऱ्या तरुणीवरील बलात्काराच्या आरोपावरून अटक झाली. खटला उभा राहिला तेव्हा त्या तरुणीने साक्ष फिरवली. असे काही घडलेच नाही, असे तिने न्यायालयात सांगितले. तरीही वैद्यकीय व न्यायवैद्यक पुरावा ग्राह्य धरून मार्च २०११ मध्ये जलदगती न्यायालयाने आहुजाला सात वर्षांची सक्तमजुरी दिली. पुढे उच्च न्यायालयाने अपिलाच्या काळात त्याला जामीन दिला. साक्ष फिरली, तेव्हा ‘पाहा, खोटेच होते’ म्हणणारे पुष्कळ होते. एका मोलकरणीवर साक्ष फिरवण्याची पाळी का यावी, हा प्रश्न विचारणारे थोडे.

गोव्यातील तरुण तेजपाल प्रकरण याच्या उलट टोकाचे. फिर्यादी सुशिक्षित पत्रकार, आरोपी तिचाच संपादक, घटना नोव्हेंबर २०१३ मधील. तेजपाल यांनी आरोप नाकारले आणि २१ मे २०२१ रोजी म्हापसा येथील न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. गोवा सरकारने त्याविरुद्ध अपील केले. निकालाचा भाग बाजूला ठेवू. आरोपी निर्दोष सुटू शकतो, त्यासाठीच खटला असतो. चिंतेची बाब त्या पाचशेहून अधिक पानांत वापरलेल्या फूटपट्टीची आहे. पीडित स्त्री ज्या रीतीने वागेल असे गृहीत धरले जाते तशी ही वागली नाही, घटनेनंतरच्या छायाचित्रांत ती खचलेली दिसत नाही, असा तो युक्तिवाद होता.

ही फूटपट्टी महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर दोघा पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला चालला. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडले, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरड केली नव्हती. वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लतिका सरकार व उपेंद्र बक्षी यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेच्या चारित्र्यावर बोट ठेवू देणारे पुरावा कायद्यातील कलम मात्र २००२ च्या दुरुस्तीपर्यंत शाबूत होते. कायदा बदलला, तरी माणसांच्या मनातील उलटतपासणी थांबली नाही.

ती थांबत नाही याचे कारण केवळ स्त्रीद्वेष नव्हे. नामवंत माणूस ही त्याच्या चाहत्यांची ठेव असते. वर्षानुवर्षे त्यांनी त्याच्यावर प्रेम, पैसा, नवससायास उधळलेले असतात. तो गुन्हेगार निघाला तर आपण फसलो, हे कबूल करावे लागते. ती खोटारडी ठरली तर काहीच कबूल करावे लागत नाही. आसारामच्या बाबतीत हे उघड झाले. २०१३ मध्ये ज्या अल्पवयीन मुलीने तक्रार केली तिचे आईवडील स्वतः त्याचे भक्त होते. त्यांनी आपली ठेव बुडाली हे मान्य केले. बाकीच्यांना ते जमले नाही. साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले. एप्रिल २०१८ मध्ये जोधपूरला जन्मठेप झाली, जानेवारी २०२३ मध्ये गांधीनगरला दुसऱ्या प्रकरणात पुन्हा जन्मठेप झाली, तरी त्याची छायाचित्रे पुजणारी घरे आहेत. ‘बापूंनी समाजासाठी एवढे केले’ हे त्यांचे उत्तर. जणू सत्कार्ये जमेस टाकून त्यावर गुन्ह्याची उचल घेता येते.

याला ‘दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष’ या तत्त्वाचा आधार दिला जातो. तत्त्व योग्यच आहे, पण ते आरोपीला संरक्षण देते. फिर्यादी खोटी आहे असे गृहीत धरा, असे ते कोठेही सांगत नाही.

आणि नामवंत काही मुंबईतच राहत नाहीत. तालुक्याच्या गावी शाळेचे अध्यक्ष, कारखान्याचे संचालक, गर्दी खेचणारे कीर्तनकार, पोरांना पदके मिळवून देणारे क्रीडाशिक्षक हे नटांपेक्षा अधिक प्रभावी असतात; नट नोकरी लावत नाही, उसाची तोड अडवत नाही. देशात नोंदल्या जाणाऱ्या बलात्कारांत दहांपैकी नऊहून अधिक आरोपी पीडितेच्या परिचयाचे असतात. अशा गावात मुलीने आईला सांगितले, तर आईच्या मनात पहिला विचार येतो तो धाकट्या भावाच्या प्रवेशाचा किंवा नवऱ्याच्या कर्जाचा.

बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा २०१२ चा कायदा अत्याचार ठाऊक असूनही न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला शिक्षापात्र ठरवतो. २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाण्याची सोय ठेवली. पण अंतर्गत समिती नेमतो तो संस्थेचा प्रमुखच, आणि जिल्ह्याची समिती कोठे बसते हे नगरपासून शंभर किलोमीटरवरच्या अकोल्यातील शिक्षणसेविकेने कोणाला विचारायचे? मुख्याध्यापकांना विचारले, तर संध्याकाळपर्यंत अध्यक्षांना कळते.