दोष मुलांचा नव्हे

नाताळ जवळ आला की ‘हल्लीच्या मुलांना खेळणी नकोत, मोबाइलच हवा’ हे गाऱ्हाणे केनवडसारख्या गावातही कानी येते. ते मला मान्य नाही. मोबाइल विकत घेतो कोण? मूल नव्हे, आपणच.

सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे आणि भोवरे मुलांनी नाकारलेले नाहीत; आपणच त्यांना काचेच्या कपाटात शोभेसाठी बसविले. उलट विदर्भात तान्ह्या पोळ्याला हीच मुले लाकडी नंदी सजवून मिरवितात, घरोघरी बोजारा मागतात. त्या दिवशी थोरांना त्यांच्यासाठी वेळ असतो, हेच त्याचे कारण.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूटही मिळाली. कायदा खेळणे निर्धोक करील, पण सोबती कोठून आणील?

सुताराच्या घरी वाढलेल्या बाळाचा जन्मोत्सव आपण साजरा करतो. तेव्हा यंदा खेळणे स्वस्त आणा वा महाग. त्याच्यासह रोज अर्धा तास मुलांबरोबर जमिनीवर बसा. तेवढेही जमणार नसेल, तर निदान त्यांना दोष देऊ नका.