हॉल-गिलख्रिस्टचं मोठेपण आणि पुण्याचा बोर्डे

वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांचं मोठेपण सांगताना आपण बळींच्या आकड्यांवर थांबतो. 1958-59च्या भारत दौऱ्यात वेस्ली हॉलनं 30, तर रॉय गिलख्रिस्टनं 26 बळी घेतले आणि वेस्ट इंडीजनं मालिका 3-0नं जिंकली. पण त्या माऱ्याची खरी साक्ष त्याच्यासमोर उभं राहणाऱ्याकडेच असते, आणि ती पुण्याच्या चंदू बोर्डे यांनी दिल्ली कसोटीत दिली: पहिल्या डावात 109, दुसऱ्या डावात 96. त्या कसोटीतले भारताचे कर्णधार हेमू अधिकारीही जन्मानं पुण्याचेच.

कुणी म्हणेल, पाहुण्यांनी जिथं 8 बाद 644वर डाव सोडला, ती खेळपट्टी फलंदाजांचीच होती. हे खरं आहे. मात्र भारत 229 धावांनी मागे होता, दुसरा डाव 275वर आटोपला आणि त्यातल्या 96 एकट्या बोर्डेंच्या. तेही हेल्मेट नसलेल्या काळात! अशा माऱ्यापुढे वाचवलेली कसोटी पुण्यानं विजयाइतकीच अभिमानानं सांगायला हवी.