मोडलेल्या पिनेची कैफियत

गेल्या चैत्रात हिंगोलीच्या एका दुकानात, आमच्या गावच्या वाचनालयासाठी घ्यावयाच्या संगणकाची जुळणी माझ्या डोळ्यांदेखत चालू असता, मदरबोर्डावर प्रोसेसर बसविणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या बोटांतून तो प्रोसेसर निसटला व सॉकेटवर तिरपा पडला. आणि त्याने तो उचलून आत डोकावून पाहिले तेव्हा त्याचा चेहरा ज्या रीतीने उतरला, त्यावरूनच, यंत्रातले मला फारसे कळत नसतानाही, काय घडले ते उमगले. तो क्षणभर मालकाकडे, क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला, आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, "सर, पिना वाकल्या. माझ्याच हातानं झालं." या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहीत आहे, कारण जुळणीच्या वेळी मोडणाऱ्या वस्तूंविषयी आपल्याकडे जो व्यवहार रूढ झाला आहे, त्यात हे वाक्य क्वचितच ऐकू येते.

ज्यांनी संगणक उघडून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. पूर्वी या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असत व त्या सॉकेटच्या छिद्रांत उतरवाव्या लागत. 2004 साली इंटेल कंपनीने ही रचना उलटी केली: पिना मदरबोर्डावर आल्या आणि प्रोसेसरच्या तळाशी केवळ सपाट सोनेरी ठिपके राहिले. त्या वेळच्या सॉकेटात 775 पिना होत्या, 2021 मध्ये आलेल्या सॉकेटात 1700 आहेत, आणि एएमडी कंपनीनेही 2022 पासून आपल्या नव्या प्रोसेसरांसाठी हीच पद्धत स्वीकारली आहे. तळहाताच्या एका कोपऱ्यात मावणाऱ्या जागेत इतक्या पिना बसवायच्या म्हणजे त्या केसासारख्या बारीक आणि स्प्रिंगसारख्या लवचीक असणे अपरिहार्य, व म्हणूनच बोटाचा ओझरता स्पर्श, बाहीचा धागा किंवा बोटभर उंचीवरून पडलेला प्रोसेसर एवढ्याने त्या वाकतात. वाकलेल्या दोन पिना एकमेकींना चिकटल्या तर बोर्ड जळण्याचेही भय असते. पण पुष्कळदा बोर्ड चालतो, केवळ रॅमची एक खाच ओळखत नाही, किंवा काही महिन्यांनी कारणावाचून बंद पडू लागतो. दोष इतका झाकला जाण्याजोगा असल्यामुळेच तो झाकण्याचा मोह होतो.

आणि तो झाकला जातो, हे या धंद्यातील जाणत्या माणसांनी मला एकांतात मान्य केले आहे. पिना वाकलेला बोर्ड खोक्यात पूर्ववत घालून "माल खराब आला" म्हणून वितरकाकडे परत धाडावयाचा. वितरकाने तो कंपनीच्या सेवा केंद्राकडे, म्हणजे नांदेडला वा छत्रपती संभाजीनगरला, रवाना करावयाचा. आणि कित्येक आठवड्यांनी तो "फिजिकल डॅमेज, वॉरंटीत येत नाही" असा शेरा लागून परत यावयाचा, हा फेरा ठरलेला आहे. या अवधीत ग्राहकाला उत्तर मिळते ते एवढेच, की कंपनीचाच माल वाईट आहे. ग्राहकही या बाबतीत निर्दोष नाहीत. घरी स्वतः जुळणी करताना आपल्या हातून मोडलेला भाग "मुळातच बंद होता" असे सांगून परत करणारे सुशिक्षित लोक मला ठाऊक आहेत. आणि तसा परत आलेला भाग तपासल्याविना पुन्हा विकला गेला, तर त्याचा दंड ज्याचा काडीचाही संबंध नाही अशा तिसऱ्याच माणसाला भरावा लागतो. या वर्तनाला मी चातुर्य म्हणणार नाही. ती फसवणूक आहे, मग ती दुकानदाराने केलेली असो वा ग्राहकाने.

नुकसान उघडपणे दाखविण्याची गोष्ट आपल्या जिल्ह्याला खरे तर नवी वाटू नये. वसमतच्या बाजारात हळदीचे हळकुंड उघड्यावर, विकणाऱ्याच्या देखत मोडून आतला रंग पाहिला जातो. आणि गारपिटीने पीक झोडपले की तलाठ्याने शिवारात येऊन पंचनामा करावा, तोवर शेत जसेच्या तसे राहू द्यावे, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. नुकसान झाले त्या जागी, झाले त्या वेळी, साक्षीदारांसमक्ष ते रुजू करून घेण्याची जी रीत आपण पिकांच्या बाबतीत जाणतो, ती दुकानाच्या फळीवर मात्र अद्याप पोहोचलेली नाही.

कायद्याचे म्हणाल तर तो या विषयात पुरेसा स्पष्ट आहे. विकत द्यावयाची वस्तू सुपूर्त करण्याजोगी करून देण्याचे काम विक्रेत्याकडे असेल, तर ते काम पुरे होऊन खरेदीदाराला तसे कळविले जाईपर्यंत मालकी त्याच्याकडे जात नाही, असे 1930 चा मालविक्री अधिनियम सांगतो, आणि वेगळा करार नसेल तर जोखीम मालकीच्या मागोमाग जाते. म्हणजे दुकानात जुळणी चालू असताना वाकलेली पिन ही दुकानाची पिन आहे. याउलट, आपण स्वतःचा बोर्ड जुळणीसाठी त्यांच्या हाती दिला, तर तो निक्षेप होतो, आणि 1872 च्या करार अधिनियमानुसार सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी त्यांनी घेतली की नाही, हा प्रश्न उपस्थित होतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात तर सेवेतील त्रुटीच्या व्याख्येतच, महत्त्वाची माहिती ग्राहकापासून हेतुपुरस्सर दडवून ठेवणे, याचा अंतर्भाव आहे. ग्राहक आता आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे फिर्याद करू शकतो, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी तिला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे. हे सर्व वाचकांना ठाऊक असावे. परंतु चार-आठ हजारांच्या बोर्डासाठी फिर्यादीपर्यंत जाण्याची वेळ यावी, हेच मला अनुचित वाटते.

त्या मुलाविषयी बोलले पाहिजे. जिल्ह्यातील अशा दुकानांत राबणारी बहुतेक मुले महिन्याकाठी जे मिळवतात, त्याचा मोठा हिस्सा एका मदरबोर्डाच्या किमतीत जातो. आणि मोडेल त्याने भरावे हा दंडक असला, तर खरे बोलण्याची किंमत त्या मुलाला आपल्या घरच्या किराण्यातून द्यावी लागते. नोकराच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले तरी त्याला कारण सांगण्याची संधी दिल्यावाचून पगारातून कपात करू नये, ही मर्यादा वेतनाच्या कायद्याने घातलेली आहे. पण पाटी नसलेल्या, नेमणुकीचा कागद नसलेल्या नोकरीत ती कोण पाळतो? त्या दिवशी मालकाने मुलाला एक शब्दही न बोलता मोबाइलच्या उजेडात सॉकेटचे छायाचित्र घ्यावयास लावले, पावतीवर शेरा लिहिला आणि दुसरा बोर्ड काढला. मी त्या गृहस्थाचा ऋणी आहे.

आता एक गोष्ट अशी, की जिच्यामुळे हा प्रश्न हिंगोलीकरांनी इतरांपेक्षा अधिक मनावर घ्यावा असे मला वाटते. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळ्याच्या परिसरात गुरुत्वीय लहरींची 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहावयाची आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली आणि त्याच वर्षी 11 मे रोजी तिची कोनशिला बसली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या यंत्राचे प्रमुख भाग अमेरिकेतून यावयाचे आहेत, आणि त्यांची जुळणी येथे व्हावयाची आहे. त्यांत चाळीस किलो वजनाचे आरसे असतात, व असा प्रत्येक आरसा जेमतेम 0.4 मिलिमीटर जाडीच्या चार काचतंतूंवर टांगलेला असतो.

असे तंतू जुळणीच्या काळात मोडतात तेव्हा काय करावे, याचा दाखला इटलीत पिसा शहराजवळच्या 'व्हर्गो' या भगिनी-वेधशाळेने घालून दिला आहे. 2015-16 च्या सुमारास तेथील नव्या यंत्राची उभारणी चालू असता, निर्वात नळीत टांगलेल्या बेचाळीस किलोंच्या आरशांचे काचतंतू एकामागून एक तुटू लागले. आधी संशय काचेच्या जोडांवर गेला; पण शोध घेता घेता अखेर असे निष्पन्न झाले, की निर्वात करणाऱ्या पंपांतून आलेले धुळीचे सूक्ष्म कण, नळीत हवा सोडताना वेगाने उडून तंतूंवर आदळत होते. ज्याच्या हातून तंतू बसविला गेला त्याचा त्यात काही अपराध नव्हता, आणि तंतूचाही नव्हता. तेथील शास्त्रज्ञांनी हे सर्व प्रसिद्ध केले, मोजमापातील गोंगाट वाढेल हे जाणूनही आरसे तात्पुरते पोलादी तारांवर टांगले, 1 ऑगस्ट 2017 रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांच्या जोडीने निरीक्षण सुरू केले, आणि त्याच महिन्याच्या 17 तारखेला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर पृथ्वीवर पोहोचली तेव्हा आकाशात तिचे स्थान निश्चित करण्यात व्हर्गोचा निर्णायक वाटा राहिला. पुढच्या वर्षी पंपांची व्यवस्था सुधारून काचतंतू पुन्हा बसविण्यात आले. मोडतोड दडपली गेली असती, अथवा एखाद्या तंत्रज्ञाच्या माथी मारून दप्तर बंद केले असते, तर ती धूळ नळीत तशीच राहिली असती.

हिंगोलीच्या त्या दुकानातली पिन का वाकली, याचाही शोध त्या मालकाने घेतला. टेबल फळकुटाचे, एका पायाने डगमगणारे होते, आणि मुलगा उभ्यानेच, पंख्याखाली, घामेजलेल्या बोटांनी काम करीत होता. आता तेथे बसावयास स्टूल आणि टेबलावर रबरी चटई आहे.

ग्राहकांना माझी विनंती आहे, की खोके दुकानातच, दोघांच्या देखत उघडवावे, सॉकेटचे छायाचित्र जुळणीपूर्वी घ्यावे, त्यावरचे प्लास्टिकचे झाकण टाकून देऊ नये, कारण वॉरंटीच्या वेळी पुष्कळ कंपन्या ते मागतात, आणि घरी आपल्याच हातून मोडले तर तसे स्पष्ट सांगून दुरुस्तीचे पैसे द्यावेत. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा येथील दुकानदारांनी एक साधी वही ठेवावी, जुळणीत मोडलेल्या प्रत्येक भागाची तारीख, कारण व पुढील विल्हेवाट तीत लिहावी, त्या मोडतोडीचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून धरावा, आणि त्या वहीत खरे लिहिणाऱ्या कोणत्याही मुलाचा पगार कापू नये.