दारू, शाळा आणि रोजगार

मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचें एदलाबाद. येथून आषाढीस मुक्ताईची पालखी पंढरीस निघते, आणि माळ घातलेल्या वारकऱ्यास मद्य वर्ज्य असतें. अशा तालुक्यांत मिसरूड फुटण्यापूर्वीं एखादा मुलगा दारू-गांज्याच्या नादीं लागला कीं लोक म्हणतात, ‘संगत वाईट!’ हें निदान अपुरें आहे.

शाळेचा व दारूचा संबंध जुना आहे. १९१९ च्या सुधारणा कायद्यानें शिक्षण व अबकारी हीं दोन्हीं खातीं मुंबई इलाख्यांत लोकप्रतिनिधि मंत्र्यांकडे सोंपविलीं. म्हणजे बापानें गुत्त्यावर उधळावें आणि त्यांतून मुलाच्या पंतोजीचा पगार निघावा! १९३६ च्या डिसेंबरांत आपल्याच जिल्ह्यांतील फैजपुरास काँग्रेस भरली. पुढील वर्षीं काँग्रेस मंत्रिमंडळें अधिकारावर येतांच हा पेंच त्यांच्या गळ्यांत पडला. महात्मा गांधींनीं १९३७ मध्यें वर्धा येथें हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षणाची योजना मांडली. शाळा दारूच्या पैशावर चालूं नये हा तींतील एक हेतु, व मुलाच्या हातीं कसब यावें हा दुसरा.

आज काय स्थिति आहे? ज्या कायद्याचा जन्म १९४९ सालीं दारूबंदीसाठीं झाला, त्याच्याच परवान्यांनीं दुकानें चालतात. २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांचें शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. परंतु चौदाव्या वर्षीं कायद्याचा हात सुटतो आणि अठराव्यापर्यंत बरी नोकरी कोणी देत नाहीं. आमच्या मतें व्यसनाचा चंचुप्रवेश याच चार वर्षांत होतो. केळीचे घड कापणें, ट्रक भरणें यांची मजुरी रोख मिळते, पण रोज मिळत नाहीं. शाळा सुटलेल्या पोराजवळ आज पैसा असतो, उद्यां केवळ रिकामा वेळ. दारूविक्यास दोन्हीं सोयीचीं!

कोणी म्हणेल, ‘पितो म्हणून काम जातें.’ खरें, पण काम नाहीं म्हणून पितो, हेंही तितकेंच खरें. धाडी अवश्य पडाव्या. परंतु धाडीनें बाटली फुटते, संवय फुटत नाहीं.

म्हणून नगरपंचायतीनें व ग्रामपंचायतींनीं आठवी-दहावीस शाळा सोडणाऱ्या मुलांची यादी दरवर्षीं करावी. केळीचे व्यापारी, जिनिंगचे मालक व मोटार-दुरुस्तीवाले यांनीं अशा एकेका मुलाचा आय. टी. आय. चा खर्च उचलावा व शिकून आल्यावर त्यास उमेदवारीवर घ्यावें. ही फी आज जड वाटेल. उद्यां गल्ल्यावर पहारेकरी नेमणें त्याहून जड जाईल.